त्याच बियाण्याचं दुसरं रोप

३ जून २०१९
आले बाई एकदाची रायपूरला! तेलीबांध्याला तळ्याजवळ खोली मिळाली. बियाणं कंपनीची गाडी रोज नव्या रायपूरला नेते-आणते. बसच्या भरवशावर राहिले असते तर नोकरीच गेली असती. लेक मितू सुट्टीभर नागपूरला माझ्या आईकडे आहे. जूनअखेर तिला इथल्याच शाळेत घालीन.

काम सोपं आहे. धानाच्या पानावर विषाचा थेंब ठेवायचा आणि तीन दिवस वाट पाहायची. बुरशी गाळून काढलेली असते, उरतं ते तिचं नुसतं विष. दत्तोपंत सर म्हणाले, तेवढ्यानंच एका वाणाचं पान करपतं, शेजारच्या वाणाला काही होत नाही. डाग पडला की खात्रीसाठी त्याच बियाण्याचं दुसरं रोप मागवायचं, हा इथला नियम.

७ जून
हातमोजा फाटून थेंब मनगटावर सांडला. बारा वर्षं इथे असलेले धर्मपाल भैया हसले. म्हणाले, “मी त उघड्या हातानं करून राहिलो, मले काही झालं काय?” मीही हसले.

१० जून
मनगटावर तपकिरी ठिपका, भोवती पिवळी कड. अगदी धानाच्या पानावर पडतो तसा. हळद लावली, काही फरक नाही. सर रागावले नाहीत, उलट खूशच दिसले. पट्टीनं ठिपका मोजला. मितू किती वर्षांची, विचारलं. नऊ, म्हटलं. तिला कंपनीच्या गाडीनं आणतो म्हणाले. मी आईचा पत्ता लिहून दिला. असा साहेब नशिबानंच मिळतो.

१२ जून
ठिपके कोपरापर्यंत. बाहेर पसरू नये म्हणून मला आतल्या पॉलीहाऊसमध्ये ठेवलंय. फोन काढून घेतला. इथे दोन दारं आहेत. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडत नाही. बाहेरचं त्यांनी वीट लावून उघडंच ठेवलंय, म्हणून माझं उघडत नाही.

१४ जून
धर्मपाल भैया दाराच्या काचेपलीकडून खाली मान घालून बोलले. गाडी नागपूरला गेली. सरांच्या वहीत माझ्या नावाखाली लिहिलंय — दुसरं रोप, वय नऊ. मला फार भीती वाटते. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

१५ जून
त्यांनी वीट काढली, मितूला दोन दारांच्या मधे सोडलं — आता आतलं दार उघडेल — मी उघडणार नाही. खाट लावलीय, पाठ लावलीय. ती ढकलतेय. “मम्मी, दार उघड न.” नाही, बाळा —

काचेला मनगट लावून दाखवतेय. सरांनी गाडीतच थेंब टाकला म्हणते, दुखलं नाही म्हणते —

तीन दिवस. तीन दिवस वाट पा