उत्तरदाती क्रमांक सतरा

प्रिय आई,

जय भीम. फोन सोडून पत्र का पाठवलं म्हणून घाबरू नकोस. मी बरी आहे, फक्त थकलेय. पीएचडीचं हे सहावं वर्ष. कंधार तालुक्यातल्या बायका फोनवर एकमेकींना काय कळवतात, हा माझा विषय. संज्ञापन म्हणजे काय, हे पाहुण्यारावळ्यांना सांगता सांगता आता मलाच ते नीट सांगता येईना झालंय.

उन्हाळ्यात साठ मुलाखती घेतल्या. शेजारच्या गावापर्यंत आले, पण घरी आले नाही. वेळ नाही म्हणाले, ते खोटं होतं. त्याआधी थंडीत मी रडत फोन केला होता, आता होत नाही, सोडून देऊ का म्हणून. तू म्हणालीस, "हाव." आईनंही आशा सोडली, असं वाटलं मला. तो राग मनात धरून तुझी मुलाखत फोनवरच उरकली. तू उत्तरदाती क्रमांक सतरा.

बातम्या कुठून कळतात, विचारलं. तू म्हणालीस, "हाव, जेवले. वांगं केलतं." फोनवर रोज किती वेळ बोलता, विचारलं. तर, "गुडघा बरा हाय आता." माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, उत्तरं विसंगत आहेत, हिला वगळा. मी लाल पेनानं तुला वगळलं.

काल ग्रंथालयात ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाऊस झाला का, माझी काळजी करू नको. दर रविवारी मी ज्या क्रमानं बोलते, त्याच क्रमानं तू उत्तरं देत होतीस. माझा एकही प्रश्न तुला ऐकू आला नव्हता. कधीपासून गं? मी शिक्षण टाकून धावत येईन, म्हणून लपवलंस ना? सहा वर्षं फोनवरच्या बोलण्याचा अभ्यास केला आणि हे कळलं नाही, याची लाज वाटते.

म्हणून पत्र. आपल्या गल्लीतली पुनम गावी निघालीय, तिच्या हाती देतेय. अंगणवाडीचं रजिस्टर वाचतेस तसं सावकाश वाच. शनिवारी मी येते, आपण नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. त्याआधी तुझ्यासमोर बसून थंडीतला तो प्रश्न पुन्हा विचारीन. माझ्या तोंडाकडे बघ आणि मगच उत्तर दे.

तुझीच,
विशाखा