पाच नंबरचा रकाना

बाबा, आज दादा माझ्याकडे जेवायला आला होता. जेवून आता आतल्या खोलीत पडलाय, आणि मी उष्टी भांडी तशीच ठेवून स्वयंपाकघरात तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. दादानं सत्तरी ओलांडली, मीही मागोमाग चालले आहे. भांडी घासल्याशिवाय बसलेलं तुम्हाला खपायचं नाही, हे अजून लक्षात आहे. पण आज तेवढं चालवून घ्या, कारण त्या गिटारच्या स्पर्धेबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि उठले तर पुन्हा बसायची नाही.

तो बारवाला तुमचाच विद्यार्थी. मराठीत तुम्ही त्याला दोनदा नापास केलं होतं, तरी रस्त्यात दिसलात की सायकलवरून उतरून पाया पडायचा. चिखली रोडवर त्यानं नवी परमिट रूम काढली, आणि गावात नाव व्हावं म्हणून वरच्या हॉलमध्ये गिटारची स्पर्धा ठेवली. ऑर्केस्ट्राचं वेड होतं तेव्हा. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची आणि सिनेमातली गाणी अशी वाजवायची की शब्द नसतानाही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. परीक्षक म्हणून तो तुम्हाला बोलवायला आला तेव्हा तुम्ही त्याला दारातच अडवलं. "दारूच्या दुकानात येऊ मी?" तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, सूर कळनारा दुसरा मानूस बुलढान्यात कोन हाय, तुमीच सांगा." तुम्ही विरघळलात. कौतुकाला तुम्ही सहज भुलायचात, बाबा, आणि आपण भुललो हे आम्हाला कळू नये म्हणून लगेच एक अट घालायचात. अट अशी, की शेवटचा वाजवणारा उठेपर्यंत हॉलमध्ये एकही बाटली फुटायची नाही. त्यानं कबूल केलं. परीक्षकाचं तोंड वाजवणाऱ्यांकडे नसणार, ही तुमची जुनी रीत तर त्याला शाळेपासूनच ठाऊक होती. पाठांतराच्या स्पर्धेतसुद्धा तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात. तोंड पाहिलं की मार्क हलतात, म्हणायचात.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून मार्क लिहून घ्यायला मी सोबत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि बारमध्ये जाणार म्हणून आईनं मला डोक्यावरून पदर घ्यायला लावला होता. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी मुकाट्यानं आली. पोरीनं आठ दिवस आधीच अकोल्याला कार्ड टाकलं होतं. दादाला लिहिलं होतं, स्पर्धेत ये, बाबा परीक्षक आहेत, पण ते पाठमोरे बसतात आणि नावं शेवटी सांगतात, फक्त नंबर पुकारतात.

त्याला घर सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. मास्तरकीचं ट्रेनिंग अर्ध्यावर टाकून तो ऑर्केस्ट्रात गेला. "थे डबडं घेऊन ह्या उंबऱ्याच्या आत यायचं नाई," तुम्ही म्हणालात. "मंग मी बी येत नाई," तो म्हणाला. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे तुम्ही दोघं, आणि मधल्या मध्ये आई आणि मी. म्हणून मी हा डाव मांडला. मला खात्री होती की न पाहता ऐकलंत तर तुम्ही त्यालाच पहिला काढणार. आणि एकदा तोंडातून शब्द गेला की तो फिरवणाऱ्यातले तुम्ही नव्हेत. मग त्याला घरात घ्यावंच लागलं असतं.

हॉलमध्ये चिवड्याच्या बशा आणि लिंबू सरबत फिरतंय. माणसं सरबताकडे दुःखानं पाहतायत. तुम्ही भिंतीकडे तोंड करून खुर्चीत ताठ, मी शेजारी मांडीवर कागद घेऊन. पहिला खामगावचा, दुसरा मलकापूरचा. तुम्ही माझ्या कानाशी हळूच आकडा सांगता, मी लिहिते. चौथ्याच्या वेळी तुम्ही म्हणालात, "हा घाई करते. त्याले पानी पाजा कोनी." मला हसू आलं. मग पाच नंबर पुकारला गेला, आणि मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहायला लागले.

एक गोष्ट मी विसरले होते. तुम्ही शाळेच्या प्रार्थनेला स्वतः चाल लावली होती, आणि दादा लहानपणी पेटीवर बसला की आधी त्या चालीचे पहिले चार सूर वाजवायला लावायचात. पट्ट्या नीट बोलतात का ते कळतं म्हणायचात. त्या दिवशी त्यानं गिटारच्या तारा जुळवल्या आणि जुळल्या की नाही ते पाहायला तेच चार सूर वाजवले. त्याला स्वतःला कळलंसुद्धा नसेल. तुमचा गुडघ्यावर ठेवलेला हात तिथेच थांबला. मान वळली नाही. सगळं गाणं होईपर्यंत तुम्ही तसेच बसून होतात, आणि बाबा, ते गाणं त्यानं असं वाजवलं की सरबताचे ग्लाससुद्धा कुणी खाली ठेवले नाहीत. टाळ्या थांबल्यावर मी विचारलं, "किती लिहू?" तुम्ही म्हणालात, "काईच लिहू नको. त्याचा रकाना कोरा ठेव."

निकाल सांगायला तुम्ही उठलात तेव्हाही मला आशा होती. तुम्ही शाळेतल्या शुद्ध भाषेत सांगितलंत, "पाचव्या क्रमांकाचा स्पर्धेसाठी विचार करता आला नाही." एवढंच. का, ते सांगितलं नाही. मुलगा आहे माझा, त्याला मी मार्क कसे देऊ, हे एवढे शब्द तुम्ही त्या माणसांसमोर बोलला असतात, तर बाबा, मी तुमचे पाय धुऊन पाणी प्याले असते. पहिला नंबर खामगावच्याला गेला. त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की तुमच्या शेजारी बसवेना. खाली बाटल्या फुटायला लागल्या. आणि मग तुम्ही माझं मनगट धरलंत. अंधूक डोळ्यांनी माझ्याकडे पाहत म्हणालात, "पह्यला होता थो. सगळ्याइत पह्यला. जाय, त्याले म्हनाव, उद्या जेवाले ये." मी उठले. तुम्ही मनगट सोडलं नव्हतं. "गिटार घेऊन ये म्हनाव."

मी जिना उतरून मागच्या अंगणात धावत गेले. दादा सोड्याच्या पेटीवर बसला होता, मांडीवर गिटार, हातात ग्लास. हरलेल्यांना बारवाला स्वतः पाजत होता. त्याला त्या आधी मी कधी पिताना पाहिलं नव्हतं. "ऐकलं ना?" तो म्हणाला. "विचारसुद्धा करता येत नाई म्हनते माहा बाप." तो रडत होता, आणि रडता रडता घोट घेत होता. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर हा उद्याची वाट पाहायचा नाही, असाच वासासकट उठून वर येईल, आणि तुम्ही दारूला जन्मात शिवला नाहीत, तुम्ही त्याला तिथेच कायमचं तोडाल. शिवाय राग होता, तोही लिहिते. तुमचा निरोप लगेच पोचवावा असं मला वाटत नव्हतं. थोडं तुम्हीही तळमळा, असं वाटलं. मी त्याला एवढंच म्हटलं, "सकाळी स्टँडवर थांबजो, मी येतो." तो हो म्हणाला की नाही, आठवत नाही.

तुम्ही जिन्याच्या तोंडाशी उभे होता. "सांगतलं?" मी म्हटलं, हो. "काय म्हने?" मी म्हटलं, "येतो म्हने." उद्या सकाळी ते खरंच होणार होतं ना, बाबा. फक्त एक रात्र आधी सांगितलं.

सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. आई आजारी होती म्हणून पाणी भरल्याशिवाय निघता येईना. मी स्टँडवर पोचले तेव्हा अकोल्याची गाडी जाऊन अर्धा तास झाला होता. रिकाम्या फलाटावर थोडा वेळ उभी राहिले आणि परतताना ठरवलं की घरी जाऊन सगळं सांगून टाकायचं. घरी आले तर चूल पेटलेली, तापातली आई दादासाठी बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा करायला उठलेली, आणि तुम्ही कोथिंबीर निवडताय. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून एकेक काडी बोटांनी चाचपत होता. चौरंगावरची बाजाची पेटी तुम्ही स्वतः उचलून खाली ठेवली होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणालात, "गिटार खाली नको ठेवाले." मी तुमच्यासमोर कोथिंबीर निवडायला बसले.

तीन वाजेपर्यंत तुम्ही ओट्यावर बसलात. रस्त्यानं कुणी गेलं की मला विचारायचात, कोण आहे. मग आत आलात, पाटावर बसलात आणि म्हणालात, "वाढ. त्याची मर्जी." जेवून पेटी पुन्हा चौरंगावर ठेवलीत. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही त्याचं नाव काढलं नाही आणि मी रोज उद्यावर टाकलं. तुम्ही गेलात तेव्हा त्याचा ऑर्केस्ट्रा कुठेतरी दूर दौऱ्यावर होता. तो तिसऱ्या दिवशी पोचला. दारात आला, गिटार बाहेर रस्त्यावरच एका टांगेवाल्याकडे धरायला देऊन मग आत आला. तुमचा शब्द त्यानं तेव्हाही पाळला, बाबा.

आज मी पातोड्यांचा रस्सा केला होता. त्याची बोटं आता वाकत नाहीत, गिटार केव्हाच विकून टाकली. जेवता जेवता त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या राती बाबा माह्याबद्दल काई बोलले होते काय वं?" जवळजवळ पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "बोलले होते. पहिला होता म्हणाले. सगळ्यांत पहिला." हात ताटातच ठेवून तो बसून राहिला. मग चेहरा असा उजळला की मला तो शाळेतल्या चड्डीत दिसला. "खरंच?" म्हणाला, दोनदा म्हणाला. मला बरं वाटलं. अर्धं का होईना, दिलं त्याला, असं वाटलं.

मग त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "मंग बलावलं काऊन नाई वं त्याईनं मले?"

मी म्हटलं, भात घे थोडा. त्यानं घेतला.