शून्य कमाईचा नवरा

ओनोमिचि, १६ नोव्हेंबर

प्रिय नात्सु,

कशी आहेस? इकडे थंडी सुरू झाली. शेजारच्या मुराओकाकाकूंनी पिशवीभर संत्री दिली, त्यातली निम्मी तुला पाठवतेय. बाबांची तब्येत उत्तम आहे. चेहरा तेवढा रापलाय.

कारखान्यात सध्या फॉर्म भरायची घाई चाललीय. आपल्यावर कोण अवलंबून आहे ते दर वर्षी लिहून द्यायचं, त्या हिशेबाने पगारातून कर कापतात. बाबा गोदीत होते तोवर त्यांच्या फॉर्मवर माझं नाव असायचं. ते निवृत्त झाले, मी पूर्णवेळ लागले आणि मागच्या वर्षी पारडं फिरलं, त्यांचं नाव माझ्या फॉर्मवर आलं. मी मुद्दाम विचारलं होतं, "अहो, तुमची काही कमाई? खरं सांगा, सही माझी आहे."

"कसली कमाई! पाचिन्कोत घालवतो तीच," म्हणाले.

मला खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. जुगाराच्या त्या दुकानाबाहेर रांगेत पहिला नंबर हवा म्हणून भल्या सकाळी घर सोडायचे. त्यावरून मी किती तोंडसुख घेतलं ते तू फोनवर ऐकलंच आहेस. तू गप्प बसायचीस. मला वाटायचं, पोरगी बापाची बाजू घेते.

परवा कारखान्याच्या हिशेब खात्यातल्या ओकुदासाननी मला बोलावलं. म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याला पगार आहे असं नगरपालिकेकडून कळलंय. मर्यादेच्या वर. त्यांचं नाव तुम्हाला लावता येणार नाही, मागचा कमी कापलेला करही भरावा लागेल."

"काहीतरी चुकतंय. माझा नवरा पाचिन्को खेळतो," असं मी भर कचेरीत ठणकावून सांगितलं. दोन मुली खाली मान घालून हसल्या. ओकुदासाननी त्या कंपनीचं नाव दाखवलं. रस्त्याचं काम चालतं तिथे गाड्या थांबवायला माणसं पुरवतात, ती.

सुटल्यावर सायकल घेऊन पुलाकडे गेले, त्या कंपनीची माणसं सध्या तिथल्या कामावर होती. हेल्मेट घातलेल्या एका माणसाने लाल कांडी आडवी धरली आणि कमरेत वाकून म्हणाला, "बाईसाहेब, तसदीबद्दल माफ करा, जरा थांबा हं." त्याने मान वर केली तर आपले बाबा!

कांडी तशीच आडवी राहिली. मागे गाड्या साचल्या. मग हळूच म्हणाले, "घरी सांगू नकोस हं."

"घरी मीच असते," म्हटलं.

रात्री जेवताना सगळं बाहेर आलं. नात्सु, तू बँक सोडून नर्सिंगला गेलीस तेव्हा शिष्यवृत्ती मिळाली म्हणालीस. मी आख्ख्या कारखान्यात मिरवलं गं! आणि तुझी शिष्यवृत्ती रोज उन्हापावसात कांडी घेऊन रस्त्यावर उभी होती. आई ओरडेल, नोकरी सोडू देणार नाही, म्हणून तुम्ही दोघांनी ठरवलंत. ओरडले असते, हे खरं. पण माझ्या सहीखाली खोटं गेलं त्याचा मला फार राग आलाय. आणि वर्षभर ज्या माणसाला मी जुगारी म्हणत होते, तो निमूट ऐकून घेत होता, त्याचं काय करू ते मला कळत नाही. काल भांडी घासताना रडले.

बाबा म्हणाले, "मी काम सोडतो, मग माझं नाव लाव." मी म्हटलं, "आणि पोरीचं शेवटचं वर्ष?" तर म्हणाले, "मग थोडी कमी कमाई लिही, कोण बघतंय?" यावर मी त्यांना जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा ठरलं ते असं. मागची कसर माझ्या डिसेंबरच्या पगारातून कापली जाईल. बाबा काम करतील, पण आठवड्यातून चारच दिवस आणि घरचा डबा घेऊन. उरलेल्या फीचं मी बघते. तू कॉलेज सोडायचं नाव काढू नकोस. नव्या वर्षाला ये आणि ही सगळी हकिगत मला तुझ्या तोंडून सांग, मी ओरडणार नाही. फार नाही.

आज सकाळी फॉर्म देऊन आले. बाबांचं नाव नाही, तुझंही नाही, ते आता बाबांच्या फॉर्मवर जाईल. माझ्यावर कोणी अवलंबून नाही आणि मी कोणावर नाही, असं लिहून सही केली. कायद्याने अक्षर अन् अक्षर खरं आहे. इतकं खोटं मी आयुष्यात कुठे लिहिलं नाही.

जप स्वतःला.

तुझी,
आई