आत्यांचा आख्खा फोटो

प्रिय आत्या,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक हे पत्र लिहायचा धीर झाला. "समोर बसून बोलायला तोंड न्हाई व्हय तुला?" असं म्हणाला असतात. नाही आत्या, तोंड नाही. सासूला पत्र लिहिणारी आष्ट्यातली मी पहिलीच सून असेन, आणि तेही सासू गेल्यावर.

आजच लिहायचं कारण शेजारच्या शेवंतामावशी. सकाळी ताक न्यायला आल्या, तुमच्या फोटोपुढं थांबल्या आणि बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "नंदा, तोंड आक्काचं हाय, पर ही बाकीची बाई कोण गं?"

ती बाई कोण, हे मलाही ठाऊक नाही. स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये असते ती. कुणी गेलं आणि घरात चांगला फोटो नसला, की आधार कार्डावरचं तोंड कापून तो तिच्या धडावर बसवतो. तिच्या अंगावर जांभळी साडी आहे, मागं धबधबा आहे. तुम्ही उभ्या जन्मात जांभळं नेसला नाहीत. 'जांभळ्यात मी वांग्यावानी दिसती' म्हणायचात. आता त्याच वांग्याला आम्ही रोज हार घालतो.

आणि हे कुणाच्या घरात? जिनं स्वतः काढलेले काळेपांढरे फोटो भिंतभर लावलेत तिच्या.

आतल्या खोलीत तुमचे हात आहेत. पिठानं पांढरे झालेले, काळ्या तव्यावर भाकरी टाकणारे. शेंगा फोडणारे. त्याच्याशेजारी तुमच्या टाचा, भेगांसकट. म्हशीला पेंड घालताना वाकलेली तुमची पाठ. घरामागच्या परड्याच्या भिंतीवर पडलेली तुमची सावली. बाहेरच्या खोलीत तोंड तुमचं आणि अंग परकं, आतल्या खोलीत अंग तुमचं आणि तोंडाचा पत्ता नाही. एका बाईची अशी वाटणी कुणी केली असेल का हो?

तुम्हाला आठवतं, साताऱ्याहून भावाचा जुना कॅमेरा घेऊन आले तेव्हा मी किती भीत भीत पिशवीतून काढला होता? मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणालात, "वजनदार हाय. पडला तर पायावर पडू देऊ नगंस." बस, एवढंच. मग साताऱ्याच्या फोटोग्राफी शिबिरातल्या सरांनी सांगितलं, लांब कुठं जाऊ नका, घराजवळचंच छोटं काहीतरी धरा आणि तेच तेच काढत राहा. मला बरंच झालं. पोरं, म्हैस, डबे सोडून मी जाणार तरी कुठं होते? आपला उंबरा, आपलं परडं, आपली गल्ली. त्यातच माझे छोटे छोटे विषय.

आणि त्या सगळ्यात उजेड तुम्ही धरलात. अंधाऱ्या बाजूला थोडा उजेड पडावा म्हणून समोरून पांढरी चादर धरावी लागते, हे मी एकदाच दाखवलं. पुढं माझ्याआधी तुम्हीच चादर घेऊन उभ्या. हात भरून यायचे, तरी खाली घेत नव्हता. बघ्या बायांना दटावायचात, "सरक गं तिकडं, उजेड अडवू नगंस. माझी सून काम करतीया."

सरांनी आणखी एक सांगितलं होतं. चेहरा आला की बघणारा तिथंच अडकतो, बाकीचं त्याला दिसत नाही. मी ते पदराला गाठ मारून ठेवलं. तुम्ही विचारायचात, "तोंड कवा काढणार?" मी म्हणायची, "आत्या, हा विषय हातांचा आहे." मग विषय पायांचा झाला. मग सावल्यांचा.

पण खरं सांगू? सरांचं नुसतं निमित्त. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या तोंडाची मला धास्तीच होती. "शिकल्याली हाय, पर भाकरी नकाशावानी करती" हे तुम्ही चारचौघींत म्हणालात, ते मी विसरले नव्हते. तुमच्या हातांकडं मी निवांत बघू शकायची. हात मला कधी बोलले नाहीत. कॅमेरा तोंडाकडं वळवला असता तर तुम्हीही माझ्याकडं सरळ बघितलं असतं, आणि ते मला झेपलं नसतं. तुम्ही नकाशा कधीच विसरला होतात. चादर धरून उभ्या होतात. मीच मनात धरून बसले.

सांगलीच्या प्रदर्शनात माझे फोटो लागले, तेव्हा तुम्ही हिरवी इरकल नेसून आलात. एकेका चौकटीपुढं थांबत सगळा हॉल फिरलात आणि मला येऊन विचारलंत, "मी कुठाय गं?" मी हातांचा फोटो दाखवला. तुम्ही जवळ जाऊन बघितलं. "ह्यो हात तर कुणाचाबी असंल की. माझं तोंड काय वाईट हाय व्हय?" आजूबाजूचे हसले. मीही हसले आत्या. नुसती हसले नाही, तुमचा हा शब्द पुढं शिबिरात गंमत म्हणून सांगितलासुद्धा. येताना एसटीत तुम्ही पोरांसाठी घेतलेली भडंगाची पुडी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसला होतात. मला वाटलं, दमलात.

त्यानंतर एका दुपारी तुम्ही तीच इरकल नेसून, केस चापून बांधून कट्ट्यावर येऊन बसलात. "आज माझा काढ. आख्खा. हिरवं दिसंल न्हवं?" मी परड्यात वाळत घातलेल्या भांड्यांचे फोटो काढत होते. म्हणाले, "काळ्यापांढऱ्यात हिरवं कुठनं दिसणार? आणि ऊन फार कडक आहे आत्या. उद्या काढते." तुम्ही म्हणालात, "उन्हाला काय धाड भरलीया?" थोडा वेळ तशाच बसून राहिलात. मग आत जाऊन साडी बदललीत. कट्ट्यावर पुन्हा कधी बसला नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

भांड्यांचे फोटो आहेत माझ्याकडं. पाहिजे तेवढे.

तुमच्या छातीत कळ आली, सांगलीला नेलं, आणि तिथून तुम्ही घरी चालत आला नाहीत. तेराव्याला फोटो पाहिजे म्हणून ह्यांनी माझा कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ खाली-वर करत राहिले. मग एवढंच म्हणाले, "एवढ्या फोटोत आईचा एक न्हाई?" लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागं. मग धाकट्या वन्संना फोन लावला, त्यांच्या मोबाईलमध्ये तरी असेल म्हणून. त्या रडत म्हणाल्या, "वहिनी, मी लयदा काढाय गेले. आई काढूच द्यायची न्हाई. म्हणायची, मोबाईलमधला कशाला, आमच्या घरात फोटोवाली हाय, ती काढंल की चांगला."

हे ऐकलं आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले. दुःख नव्हतं ते, निदान नुसतं दुःख नव्हतं. लाज होती. अजून आहे. भावकीतल्या बाया फोटोला नमस्कार करून वळल्या, की मी आत निघून जाते. कुणी मला नावानं हाक मारली तरी चालतं, पण कुणी "फोटोवाली" म्हटलं की अंगाला काटा येतो.

तर आज शेवंतामावशींनी ते विचारलं. मी सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी ताकाचा तांब्या खाली ठेवला, पदर नीट केला आणि तुमच्याच कट्ट्यावर जाऊन बसल्या. "मग माझा आत्ताच काढ. मला न्हाई त्या धबधब्याला जायाचं."

ऊन कडकच होतं. मी कॅमेरा आणला. मावशींनी विचारलं, "कुठं बघू?"

"माझ्याकडं बघा," मी म्हणाले. हे वाक्य मी तुम्हाला एकदाही म्हटलं नव्हतं.

त्यांनी बघितलं, आणि मी बटण दाबलं.

आत्या, शब्द देते. ज्या बायांना तुम्ही 'उजेड अडवू नगंस' म्हणून बाजूला सारलंत, त्या सगळ्यांचे चेहरे मी काढीन. सरळ, आख्खे, त्यांना आवडेल त्या साडीत, आणि रंग पाहिजे म्हणाल्या तर रंगीत. घरी नेऊन हातात देईन. आणि कुणालाही 'उद्या' म्हणणार नाही.

आजचा पहिला फोटो काही नीट आला नाही. मावशींच्या अर्ध्या तोंडावर ऊन आणि अर्ध्यावर काळोख आहे. समोर चादर धरायला कुणी नव्हतं.

तुमच्या घरातली फोटोवाली,
नंदा