उठता का?

गुरुजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नाही. शाळेतली तुमची खुर्ची मात्र आठवते. हातांची, लाकडी, एक पाय आखूड म्हणून खाली खापराचा तुकडा सरकवलेला. कुरुंद्याहून सायकल मारत यायचात, घाम पुसायचात आणि इतिहासाचा तास आला की खुर्ची सोडून आम्हालाच नाटक करायला लावायचात. रोम असो, फ्रान्स असो की रशिया, खुर्चीवर दर वेळी मालकाचंच पोरगं. मी कधी गुलाम, कधी भुकेली बाई, कधी गिरणीतली मजूर. माझी माय त्याच्याच बापाच्या हळदीत निंदायला जायची. मला नाटक असं काही करावंच लागायचं नाही.

एक दिवस मी विचारलं, "गुरुजी, राज्यं बदलून राहिली, मग राजा काहून त्योच?" तुम्ही चष्मा पुसलात. "बराबर बोललीस. जा, उठव त्याला." मी गेले. तो मजेत पाय हलवत बसलेला. उद्या मायला कामावर घेतलं नाही तर? तोंडातून निघालं, "उठता का?" पोरं खो-खो हसली. तुम्ही चिडलात. "पोरी, विनंती करून कोणी उठलंय का आजवर? ऊठ म्हण!" तेवढ्यात घंटा झाली. मी म्हटलंच नाही.

आता मी गावची सरपंच आहे. व्हय, मीच! जागा बाईसाठी राखीव झाली आणि घरच्यांनी माझा फॉर्म भरला. ऑफिसातल्या खुर्चीवर आमचे हे बसतात, शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. येणारा रामराम त्यांना घालतो, मला म्हणतो, "वहिनी, चहा सांगा." घरभर माणसं असतात, पण ज्याच्याजवळ मनातलं बोलावं असं एकही नाही.

आज पाच-सहा बाया रोजगार हमीच्या कामासाठी अर्ज घेऊन आल्या. हळद निघाली, आता हाताला काम नाही. त्यात एक मायसोबत निंदणारी, पार वाकलेली. ह्यांनी मोबाइलातून मान वर न करता सांगितलं, "बघू पुढच्या महिन्यात." म्हातारीनं अर्ज माझ्या हातात दिला. "लेकी, सही तर तुहीच लागती ना?" मी टेबलाच्या काचेकडं बघत राहिले. लाज वाटली, गुरुजी. फार लाज वाटली. बाया उद्या येतो म्हणून गेल्या.

संध्याकाळी चष्मा राहिला म्हणून सांगून मी एकटीच परत ऑफिसात गेले. दार ओढून घेतलं, खुर्चीसमोर उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "उठा!" मग बसले आणि अर्जावर सही केली. तो अर्ज आता माझ्या पिशवीत आहे. हे पत्रही तिथंच राहील, तुम्हाला कुठल्या पत्त्यावर धाडू?

एक सांगायचं राहिलं. खुर्ची रिकामी होती. तरी पहिल्यांदा तोंडातून निघालं ते "उठता का?" हेच.