माफी वहीत आहे, डोक्यात नाही

मी, खाली सही करणार, प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला तंत्रज्ञ, ओळखीत 'चकतीमास्तर', आज सकाळी पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला सगळं समजतं, असा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मात्र दुपारपर्यंत हे लिहिल्याचं मी विसरलेलो असेन.

कारण सांगतो. एकतीस वर्षं मी मेणात बसवलेल्या मेंदूच्या चकत्या कापून काचेवर चढवल्या. मेंदूत आत वळलेला एक चिमुकला भाग असतो, हिप्पोकॅम्पस. आवाज एकीकडे, चेहरा दुसरीकडे नोंदला जातो. ताज्या आठवणीचे हे तुकडे तोच गोळा करतो आणि झोपेत घोकून घोकून बाहेरच्या सालीला, कॉर्टेक्सला, पाठ करून देतो. तिथे मुरलेली गोष्ट पुढे त्याच्यावाचूनही टिकते. दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझा तो भाग गेला. जुनं शाबूत आहे, नवं मुरत नाही.

कलम १. माझं चकत्या कापायचं जुनं यंत्र प्रयोगशाळेला. पात्याची धार अंगठ्याने बघू नये.

कलम २. राहतं घर. ते धाकट्या भावाला द्यायचं नाही, असं मी बावीस वर्षं मनाशी धरलं. आई अत्यवस्थ असल्याचं त्याने कळवलं नाही. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो राग पक्का मुरला आहे.

परंतु विसरू नये म्हणून ठेवलेल्या समोरच्या वहीत, माझ्याच अक्षरात, वेगळं लिहिलं आहे. धाकट्याने प्रयोगशाळेत फोन केला होता. कारकुनाने चिठ्ठी माझ्या ट्रेखाली सरकवली. चकत्या सुकत असताना ट्रेला कोणी हात लावायचा नाही, हा दंडक माझाच. चिठ्ठी तळाच्या मेणाला चिकटून ट्रेबरोबर कपाटात गेली, ती गेल्या वर्षी सापडली.

शेजारीण सांगते, "धाकटे दर रविवारी येतात. तुम्ही दारातच 'कशाला आलास?' म्हणून खेकसता. ते म्हणतात, 'दादा, आधी वही वाच ना.' मग दोघंही रडता."

मला यातला एकही रविवार आठवत नाही. मला वाटतं, इथे कोणी येतच नाही. फार एकटं वाटतं.

सबब, घर धाकट्याला. उद्या मी हे बदलायला अडून बसलो, तर आधी वही माझ्यापुढे ठेवावी.

कलम ३. धाकट्यास. चूक माझी होती, तुझी नव्हती. दार उघडून मी पुन्हा खेकसेन. तेव्हा माझ्यावर नको, या कागदावर विश्वास ठेव.

सही: चकतीमास्तर
साक्षीदार: १. शेजारीण, शिवणकाम. २. डॉक्टरीणबाई.
ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: सात, साक्षीदारांना विचारून.