कॉम्प्युटरमधली क्लॅरिनेट

३ फेब्रुवारी
दिग्दर्शकाचा हुकूम — नव्या नाटकाचं संगीत सगळं कॉम्प्युटरवर करा, दौऱ्याच्या गाडीत वादकांना जागा नाही. वादक म्हणजे आहे कोण? क्लॅरिनेटवाला एकटा. म्हणजे माझा मामा! वीस वर्षं या कंपनीत वाजवतोय. आणि त्याला सांगायचं मी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला भाचीच सापडली.
उद्या सांगते.

४ फेब्रुवारी
नाही सांगितलं.

७ फेब्रुवारी
सॉफ्टवेअर मात्र माझं लाडकं. अख्खा वाद्यवृंद पोटात घेऊन बसलंय. चहा मागत नाही, रुसत नाही, तालमीला उशीर करत नाही! पण दिग्दर्शक म्हणतो, "क्लॅरिनेट फारच शहाण्यासारखी वाजते हो."
त्यात 'माणूसपणा' असं एक बटण आहे. फिरवलं की सूर जरा मागेपुढे होतात. चाळीस टक्के फिरवलं — "आता प्यायलेली वाटते." पंधरावर आणलं — "आता सर्दी झालीय." घरी नवरा म्हणाला, अगं, हे सगळं मामा बटण न फिरवता करतात.

८ फेब्रुवारी
उद्या नक्की.

११ फेब्रुवारी
सांगायचं राहिलं बाजूला, वर पाप केलं. माइक तपासायचाय अशी थाप मारून मामाला घरी बोलावलं. एकेक सूर सुटा वाजवून घेतला, खालपासून वरपर्यंत. ते सॉफ्टवेअरमध्ये भरले की झालं — पट्टी मी दाबायची, वाजणार मामा.
एरवी पाच मिनिटांत कुरकुरणारा माणूस तीन तास बसला. प्रत्येक सूर हळू, मग जोरात, मग तोकडा, मग लांब. मी मागितलंही नव्हतं! "माइक नीट तपासला गेला पाहिजे," म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

१४ फेब्रुवारी
नवी क्लॅरिनेट ऐकून दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "कुठलं सॉफ्टवेअर हे? आता सांगा, तुमच्या मामांची काही गरज आहे?"
मी कॉम्प्युटर बंद केला.

१५ फेब्रुवारी
सांगितलं. सगळं, थापेसकट.
मामा क्लॅरिनेट पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "सुटे सूर मागितलेस तेव्हाच कळलं गं. मंगळवारी माझे पुढचे दात काढायचेत. कवळीवर हे वाजायचं नाही. तुला सांगायचा धीर होत नव्हता. म्हटलं, आहेत तेवढे सूर तुला देऊन टाकू."